‘कुठून?’ विचारणारी ताई

आमच्या घरात काही बिघडलं की बाकीची माणसं ते दुरुस्त करायला धावतात आणि ताई ते कुठून बिघडलं हे बघायला जाते. दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या छताला ओल आली. मी म्हटलं, रंगाऱ्याला बोलावू. ताईने स्टुलावर चढून ओलीच्या कडेने खडूने रेघ मारली आणि बाजूला तारीख, वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा रेघ, पुन्हा तारीख. आठ दिवसांत छतावर नकाशा तयार झाला. मग ती वरच्या मजल्यावर गेली, तिथून त्याच्या वरच्या, आणि शेवटी चौथ्या मजल्यावरच्या एका सद्गृहस्थांच्या न्हाणीघरात पालथी पडून, टॉर्च मारून, नळाचा गळका सांधा शोधून आली. ओल थांबली हे खरं. पण ते सद्गृहस्थ अजूनही जिन्यात मी दिसलो की मोबाईलमध्ये डोकं घालतात.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. अंगाने किडकिडीत, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली, हातात चौकटीची वही. सतरा माणसांच्या एका छोट्या कंपनीत ती प्रोग्रामर आहे. तिथे तिला ‘कुठूनबाई’ म्हणतात, आणि तेही पाठीमागे नाही, तोंडावर. ही सवय तिला कुठून लागली हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. आईला विचारलं तर ती हात झटकते. म्हणते, “माझ्याकडून नाही हं. मला एवढा वेळ कुठे होता!”

मी डायलिसिस केंद्रात खिडकी क्रमांक एकवर बसतो. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत अशी माणसं आमच्याकडे आठवड्यातून तीनदा येतात, चार-चार तास मशीनला जोडून घेतात, रक्त साफ करून घेतात आणि घरी जातात. दहा मशीनं, दिवसाला तीन पाळ्या. कुणाची पाळी कधी, कुठल्या मशीनवर, हे सगळं एका प्रोग्रामवर चालतं आणि तो प्रोग्राम ताईच्या कंपनीने बनवलेला आहे. म्हणजे दिवसभर खिडकीत जे माझं डोकं खातं, तेच संध्याकाळी समोर बसून जेवताना मला विचारतं, “आज काय झालं?”

काय होणार? रोज तेच. त्या प्रोग्रामचा एक लाडका एरर होता: ‘नोंद सापडली नाही’. नवीन पेशंटचं नाव घातलं की नोंद सापडली नाही. जुन्या पेशंटचा फोन नंबर बदलला की नोंद सापडली नाही. प्रिंटरला कागद नसला तरी, देवाशपथ सांगतो, नोंद सापडली नाही. कसली नोंद, कुणी शोधली, कुठे शोधली, काही म्हणून सांगायचं नाही. नुसती लाल पट्टी दाखवायची आणि गप्प बसायचं. बहुतेक वेळा पुन्हा बटण दाबलं की काम व्हायचं, त्यामुळे त्या पट्टीकडे बघणंच आम्ही सोडून दिलं होतं.

ताईला हे सांगितलं की ती माझ्यापेक्षा जास्त चिडायची. ताट तसंच ठेवून वहीत चौकोन काढायची. “हे बघ. इतर कितीतरी भाषांत,” भाषा म्हणजे प्रोग्राम लिहायच्या भाषा, “एरर आला की त्याच्यासोबत आपोआप एक यादी येते. स्टॅक ट्रेस म्हणतात. कुठल्या फाईलच्या कितव्या ओळीवर तो जन्मला, त्या ओळीला काम कुणी सांगितलं होतं, त्याला कुणी, असं करत करत थेट तू दाबलेल्या बटणापर्यंत. आमच्या भाषेत तसं नाही. आमच्याकडे एरर म्हणजे नुसती चिठ्ठी. हा त्याला देतो, तो पुढच्याला देतो, आणि पाठवणाऱ्याचं नाव कुणीच लिहीत नाही. नाव हवं असेल तर आपण मुद्दाम जोडायचं.”

“मग जोड ना.”

“साहेब वेळ देत नाहीत.”

साहेब म्हणजे तिच्या कंपनीचे मालक. तीन वर्षं ती त्यांच्या मागे लागली होती. ते म्हणायचे, “बाई, गाडी चालतेय ना? मग बॉनेट कशाला उघडायचं?” हे वाक्य ताई इतक्या वेळा घरी येऊन म्हणून दाखवायची की आईलासुद्धा पाठ झालं होतं. मिक्सर जळला तेव्हा आई मला म्हणाली, “राहू दे, बॉनेट नको उघडूस.”

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुढे ती लागणार आहे. पेशंटची पाळी बदलायची म्हणजे पूर्वी मला कॉम्प्युटरवर सात पडदे उघडावे लागत. सकाळची दुपार करायची तर आधी सकाळमधून नाव काढा, मग दुपारमध्ये जा, मशीन निवडा, नाव घाला, असं. समोर रांग, मागे सिस्टरची हाक, आणि मी पाचव्या पडद्यावर. मी ताईच्या मागे भुणभुण लावली, मला एकच बटण करून दे. महिनाभर तिने दाद दिली नाही. मग एका रविवारी माझा वाढदिवस होता. मी म्हटलं, मला शर्ट नको, बटण दे.

ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली आणि मी तिच्या डोक्यावर उभा राहिलो. झालं का? झालं का? आम्हाला सिनेमाला जायचं होतं, आई चपला घालून दारात उभी होती. ताई म्हणाली, “थांब, आत्ता नाव काढणं आणि घालणं एवढंच झालंय. घालताना एरर आला तर काय करायचं ते लिहायचं राहिलंय.” मी म्हटलं, “अगं कुठला एरर येतोय! दे लवकर.” तिने एक सुस्कारा सोडला, काहीतरी एक ओळ लिहिली आणि लॅपटॉप मिटला. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्यासाठी घाईत उठली. सिनेमा भिकार निघाला.

बटण मात्र सोन्यासारखं होतं. ‘पाळी बदल’ दाबलं की हिरवी पट्टी यायची, ‘पाळी बदलली’. दीड वर्ष मी ते दिवसातून दहा-दहा वेळा दाबलं.

आमच्याकडे एक मास्तर येतात. निवृत्त गणित शिक्षक. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळची पाळी, सात नंबरचं मशीन, चार वर्षं. पिशवीत एक स्वेटर, एक पेन्सिल आणि आकड्यांच्या कोड्यांचा कागद. मला ‘खिडकीवाले’ म्हणतात आणि ‘अहो’ करतात, मी त्यांच्या मुलाहून लहान असूनही. एका शुक्रवारी त्यांच्या सुनेचा फोन आला की उद्या सकाळी तिला रजा नाही, मास्तरांना दुपारी आणलं तर चालेल का? मी म्हटलं, चालेल की. बटण दाबलं. हिरवी पट्टी आली. त्या दिवशी मी अकरा पाळ्या बदलल्या होत्या, ही त्यांतली एक.

शनिवारी दुपारी मास्तर आले तेव्हा समोर चौदा माणसं होती. सात नंबरचं मशीन आदल्या दिवशीच दुरुस्तीला गेलेलं, त्यामुळे नऊच मशीनं, आणि सकाळी मी यादीत नसलेल्या एकाला आत सोडलं म्हणून सिस्टरने सगळ्यांसमोर माझी हजेरी घेतलेली. मी मास्तरांचं नाव घातलं. लाल पट्टी. पुन्हा घातलं. लाल पट्टी.

“आज तुमची पाळी नाहीये,” मी म्हटलं.

“सुनेने काल फोन केला होता ना तुम्हाला?”

“यादीत नाव नाही, मास्तर.”

“जरा पुन्हा बघता का?”

मी पडदा त्यांच्याकडे फिरवला. “हे बघा. मी नाही म्हणत, हे म्हणतंय. मंगळवारी तुमची पाळी आहेच की.” त्यांनी चष्मा वर करून ते वाचलं, मान हलवली, पिशवी उचलली आणि गेले. सून त्यांना दारात सोडून गाडी लावायला गेली होती. मी पुढचं नाव घेतलं.

रविवारी संध्याकाळी मास्तरांना श्वास घेता येईना. गुरुवारनंतर अंगात साठलेलं पाणी छातीत चढलं होतं. मोठ्या इस्पितळात अतिदक्षता विभागात ठेवलं, तिथे तातडीने डायलिसिस केलं आणि ते वाचले. थोडक्यात वाचले, असं सून फोनवर म्हणाली आणि नंतर जे म्हणाली ते मी इथे लिहीत नाही.

सोमवारी आमच्या केंद्राच्या डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं. समोर मास्तरांची फाईल. “त्यांचं नाव सकाळच्या पाळीतून काढलं गेलंय, शुक्रवारी, तुमच्या लॉगिनने. दुपारी घातलेलं नाही. काय सांगाल?”

“मी बटण दाबलं होतं. हिरवी पट्टी आली होती.”

“कंपनीला विचारलं मी. ते म्हणतात, प्रोग्राममध्ये दोष नाही, खिडकीवरच्या माणसाने अर्धवट काम सोडलं.”

माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. दीड वर्षात मी एक पाळी अर्धवट सोडली नव्हती. डॉक्टरबाई म्हणाल्या, “शनिवारी मास्तर परत येतील. त्यांच्या सुनेने लेखी मागितलंय, ही चूक कुणाची. तोवर काही दाखवता आलं तर दाखवा. नाही आलं तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही.” तेवढ्या आठवड्यापुरती पाळ्यांची यादी कागदावरही ठेवायची असं ठरलं आणि मी बाहेर येऊन खिडकीत बसलो.

घरी येऊन मी ताईवर तोंडसुख घेतलं. तुझी कंपनी, तुझा प्रोग्राम, तुझे साहेब. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर तिने वही उघडली आणि विचारलं, “तो ‘नोंद सापडली नाही’ दिवसातून किती वेळा येतो?”

“मोजतंय कोण!”

तिने लॉग, म्हणजे प्रोग्राम स्वतःबद्दल जे लिहून ठेवतो ते, काढून मोजलं. त्या शुक्रवारी दोनशे सहा वेळा. दोनशे सहा सारख्या ओळी. त्यांतली एखादी मास्तरांची असेलही, पण कुठली ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी ताई साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि प्रत्येक एररला ट्रेस जोडायची परवानगी घेऊन आली. काय बोलली माहीत नाही. नंतर तिची मैत्रीण म्हणाली की कुठूनबाईचा आवाज पहिल्यांदाच लिफ्टपर्यंत आला.

मंगळवारी दुपारी तिने पहिला प्रयत्न बसवला आणि माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसली. पाच मिनिटांत एक नवीन पेशंट आला. मी नाव घातलं. एरवी अशा वेळी नोंद सापडली नाही की कोरा फॉर्म उघडतो. आज पडदाभर लाल अक्षरं, चाळीस ओळी, फाईलींची नावं, आकडे. फॉर्मचा पत्ता नाही. दुसरा पेशंट, पुन्हा तेच. रांगेतल्या आजींनी विचारलं, “मला काय झालंय एवढं?”

“ताई!” मी दात-ओठ खात म्हटलं.

तिने डोक्याला हात लावला. कुण्या महाभागाने फार पूर्वी एका जागी असं लिहून ठेवलं होतं की एररचा मजकूर अक्षरशः ‘नोंद सापडली नाही’ एवढाच असेल तर पेशंट नवीन समजायचा. आता ताईने मजकुराच्या शेपटाला ट्रेस जोडला होता, म्हणजे मजकूर जुळेना, म्हणजे कुणी नवीन ठरेना. “अक्षरं जुळवून कोण ओळखतं रे एरर!” ती त्या न दिसणाऱ्या माणसावर ओरडत होती आणि सिस्टर आमच्या दोघांवर. अर्ध्या तासात तिने ते काढलं. तोवर मी चार फॉर्म हाताने भरले.

बुधवारी दुसरा प्रयत्न. या वेळी मजकुराला हात न लावता ट्रेस आतल्या कप्प्यात ठेवला. फॉर्म उघडत होते. ताई खूश. दुपारी तिने लॉग उघडला आणि तिचा चेहरा पडला. साठ एरर, साठ ट्रेस, आणि साठही जणू एकमेकांच्या नकला. सगळे म्हणत होते: मी अमुक फाईलच्या चौदाव्या ओळीवर जन्मलो, सकाळी सहा वाजून दोन मिनिटांनी.

“सहा वाजता तर केंद्राचं कुलूपसुद्धा उघडत नाही,” मी म्हटलं.

“प्रोग्राम तेव्हा सुरू होतो.” ती चष्मा काढून डोळे चोळत होती. “त्यांनी ‘नोंद सापडली नाही’ हा एरर फाईलच्या डोक्यावर एकदाच बनवून ठेवलाय. सकाळी प्रोग्राम उठला की तो तयार होतो आणि दिवसभर ज्याला हवा त्याला तोच काढून देतात. मी ट्रेस जोडला तो बनवताना. म्हणजे सगळ्यांचा जन्म सकाळचा.”

“म्हणजे दिवसभर तुम्ही शिळे एरर वाटता?”

एरवी ती हसली असती. आज म्हणाली, “द्यायची प्रत्येक जागा शोधून तिथे जोडायला हवा,” आणि लॅपटॉप उचलून निघाली. अशा जागा निघाल्या एकशे अठ्ठ्याहत्तर. गुरुवारचा अख्खा दिवस ती त्या एकेक करून बदलत होती, वहीत एकेक चौकोन खोडत होती. आई म्हणाली, “अगं, एवढं करून त्याची नोकरी राहील ना?” ताई म्हणाली, “ते माहीत नाही. कुठून आलं ते कळेल.” मला वही हिसकावून फेकून द्यावीशी वाटली. माझी होडी बुडत होती आणि हिला पाणी कुठून आलं याची पडली होती.

शुक्रवारी ती पुन्हा माझ्या शेजारी. आता काय दाबलंस? ते कशाला दाबलंस? पुन्हा दाब. सकाळपासून माझं डोकं पिकलं होतं. अकरा वाजता शिंपीकाका खिडकीवर आले. त्यांनाही सात नंबरचं मशीन लावून दिलेलं, ते दुरुस्तीला गेल्यापासून सिस्टर त्यांना रोज मोकळ्या मशीनवर बसवत होत्या. त्यांना उद्याची संध्याकाळ सोडून सकाळ हवी होती. मी ‘पाळी बदल’ दाबलं. हिरवी पट्टी आली.

“झालं तुमचं,” मी म्हटलं.

“नाही झालं,” ताई म्हणाली. तिच्या लॅपटॉपवर नवीन ओळी उमटल्या होत्या. मी सकाळची यादी उघडली. शिंपीकाकांचं नाव नव्हतं. संध्याकाळची उघडली. तिथूनही गेलं होतं. पडद्यावर हिरवी पट्टी अजून तशीच.

ताई बोट ठेवून वाचू लागली. सगळ्यात वर एरर जन्मला ती ओळ: मशीनची माहिती काढणारी. “नोंद सापडली नाही, पण पेशंटची नाही रे. सात नंबरच्या मशीनची. मशीन दुरुस्तीला गेलं तेव्हा कुणीतरी ते यादीतून काढलंय आणि काकांच्या कार्डावर अजून सातच आहे. मास्तरांच्याही.” त्याखालची ओळ: पेशंटला मशीन देणारी. त्याखालची: पाळीत नाव घालणारी. आणि त्याखाली, तळाशी, बटण: पाळी बदल, ओळ दोनशे बारा.

ती थांबली. मी म्हटलं, “उघड ना ती दोनशे बारा.”

“उघडायला नको. मला माहितीये.”

तरी तिने उघडली. तिथे लिहिलं होतं की नाव घालताना एरर आला तर तो लॉगमध्ये टाका आणि पुढे चला. पुढे म्हणजे हिरव्या पट्टीकडे. आणि शेजारी, प्रोग्राम ज्याच्याकडे बघत नाही अशी, लिहिणाऱ्याने स्वतःसाठी ठेवलेली टीप: ‘नंतर बघू’. ती ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, हेही तिथे नोंदलेलं असतं. माझा वाढदिवस होता.

मला आधी आनंद झाला, हे कबूल करतो. मी सुटलो होतो. मग तिच्याकडे बघितलं. जन्मभर जगाला ‘कुठून’ विचारणारी बाई, आणि ते निघालं तिच्या बोटातून.

“मी घाई केली होती,” मी म्हटलं. “मीच म्हटलं होतं, कुठला एरर येतोय.”

“तू म्हणालास. लिहिलं मी.” तिने शिंपीकाकांचं नाव हाताने सकाळच्या यादीत घातलं, ते दोनदा तपासलं, मगच कंपनीला फोन लावला. साहेबांचा आवाज मला इथवर ऐकू येत होता. ट्रेस दाखवायची काय गरज आहे, बाई, गुपचूप दुरुस्त करा ना. ताई म्हणाली, “दुरुस्त करतेच आहे. आणि छापतेही आहे.”

शनिवारी सकाळी मास्तर आले. पाच किलोंनी कमी, स्वेटर अंगावर लोंबत होता, एका हाताला सून. डॉक्टरबाईंच्या खोलीत आम्ही सगळे बसलो. ताईने एक पान टेबलावर ठेवलं आणि वरून खाली वाचून दाखवलं. प्रत्येक ओळीला थांबून, साध्या शब्दांत. शेवटी म्हणाली, “दोनशे बारावी ओळ माझी आहे. एरर आला होता, मी तो लिहून बाजूला टाकला आणि सगळं ठीक आहे असं दाखवलं. खिडकीवर हिरवी पट्टी दिसली ती त्यामुळे. यांनी बटण बरोबर दाबलं होतं.” मला ‘यांनी’ म्हणाली. डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. सून ताईकडे बघत होती, ते बघणं सोपं नव्हतं, पण ताईने मान खाली घातली नाही.

मास्तरांनी पान जवळ ओढलं. पेन्सिल काढली आणि एकेका ओळीशी टेकवत खाली आले, वही तपासावी तसे. “पायऱ्या सगळ्या दाखवल्यात,” म्हणाले. मग माझ्याकडे वळून हसले. “म्हणजे मशीनचंच होतं सगळं. बरं झालं कळलं. मला तिथे पडल्या पडल्या वाटत होतं, तुम्ही माझ्यावर चिडलात की काय. त्याच्या आधीच्या गुरुवारी मी तुमचं पेन मागून घेतलं होतं, परत द्यायचं राहिलं. म्हटलं, त्याचा राग आला असेल.”

त्यांनी पिशवीतून माझं पेन काढून टेबलावर ठेवलं. निळं, टोपण चावलेलं. मला ते हरवलंय हेसुद्धा माहीत नव्हतं.

मी गप्प बसलो असतो तर खपलं असतं. डॉक्टरबाईंनी फाईल मिटलीही होती. मी ताईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, त्या पानाच्या तळाकडे बघत होती, जिथे बटणाखाली कोरी जागा होती. तिने मला तेव्हा ‘कुठून’ विचारलं असतं तर मी भांडलो असतो. तिने विचारलं नाही.

“मास्तर,” मी म्हटलं, “तुमचं नाव यादीत नव्हतं ते यांच्यामुळे. पण तुम्हाला घरी मी पाठवलं. मी तुम्हाला चार वर्षं ओळखतो. तुमची शनिवारी पाळी असते हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. सुनेचा फोनही मीच घेतला होता. मी उठून सिस्टरना विचारायला हवं होतं. दहा पावलं होती. मला सकाळी बोलणी बसली होती आणि मी वैतागलो होतो, म्हणून उठलो नाही. पडदा फिरवला तुमच्याकडे.”

सून काहीतरी बोलायला निघाली. मास्तरांनी हात वर केला. ते माझ्याकडे बघत होते आणि त्या बघण्यात आधीचं हसू नव्हतं.

“मी पुन्हा बघा म्हणालो होतो,” ते म्हणाले.

“हो.”

“तुम्ही मंगळवारी या म्हणालात. मला वाटलं, यांना माहीत असेल.”

मी ते निळं पेन उचललं आणि बटणाच्या ओळीखाली लिहिलं: खिडकी क्रमांक एक, मी, शनिवार दुपार. डॉक्टरबाईंनी पान परत घेतलं, वाचलं, आणि फाईल पुन्हा उघडली.

माझी नोकरी गेली नाही. लेखी समज मिळाली, दोन महिने खिडकीवरून काढून मला मागच्या भांडारात बसवलं. ताईला त्या प्रोग्रामवरून हटवलं, पण ट्रेस तसेच ठेवले, कारण साहेबांनाच आता त्यांच्याशिवाय करमत नाही. घरी परत तेच सुरू झालं. परवा दुधाला वास आला तर ती पातेलं हातात घेऊन तासभर हिंडत होती, आणि मी वैतागून ते मोरीत ओतलं.

मास्तर मंगळवार, गुरुवार, शनिवार येतात. मला आता ‘अहो’ म्हणत नाहीत, ‘खिडकीवाले’ही म्हणत नाहीत, नावाने हाक मारतात. मी खिडकीत परत आल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, मी त्यांना ओळखतच नसल्यासारखं, आणि मी यादीत बोट ठेवेपर्यंत तिथेच उभे राहिले. मी उठलो, बाहेर आलो, आणि त्यांना मशीनपर्यंत घेऊन गेलो. दहाच पावलं आहेत.